तोंडातला फोड तीन आठवडे झाले तरी भरत नाही. कॅन्सर असेल का? ऑपरेशनमध्ये काय करतात?

असू शकतो, पण नुसतं बघून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. तुकडा काढून तपासावाच लागतो. साधा फोड बहुधा २ आठवड्यांत भरतो. कडा टणक लागणारा, न दुखणारा फोड जास्त संशयास्पद, आणि दुखत नाही म्हणूनच लोक तो अंगावर काढतात.

तंबाखू, सुपारी, दारू ही मुख्य कारणं. नुसती सुपारीसुद्धा निर्दोष नाही बरं का! तंबाखूच्या जोडीला दारू असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

कॅन्सर निघाला तर ऑपरेशनमध्ये कॅन्सरच्या भागासोबत भोवतीचा साधारण १ सेंटिमीटर निरोगी भागही काढतात, बऱ्याचदा मानेतल्या लसिकाग्रंथीही (लिम्फ नोड्स, म्हणजे कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या बारीक गाठी). जिभेचा मोठा भाग गेला, तर मनगटाजवळची कातडी रक्तवाहिन्यांसकट आणून तिथे जोडतात. मग बोलणं, गिळणं नव्याने शिकावं लागतं.