ताडपत्री ओढायची तयारी आहे का?

प्रश्न : ताई, मी जळगावचा. बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या बेसबॉल संघात तीन वर्षं कॅचर, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारा, होतो. खेळाडू म्हणून पुढे काही होणार नाही हे कळून चुकलंय, पण अमेरिकेतल्या व्यावसायिक संघाच्या मॅनेजमेंटमध्ये जायचंय. तिथे स्पोर्ट्स मॅनेजमेंटची मास्टर्स करावी म्हणतो. बाबा पस्तीस लाखांचं कर्ज काढायला तयार आहेत. काढू द्यावं का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : बाबांना म्हणावं, बँकेत इतक्यात जाऊ नका.

आधी तुझा ‘मॅनेजमेंट’ हा शब्द सोडवू. बेसबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्याकडचा कोच. तो खेळाडूंसारखाच युनिफॉर्म चढवून डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बाकावर, बसतो आणि पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कधी बदलायचा ते ठरवतो. तिथे बहुतेक जुने खेळाडूच असतात. कोणाला घ्यायचं, कोणाला सोडायचं हे बघतो जनरल मॅनेजर आणि त्याच्या हाताखालचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, नि आकडेवाले. तिसरे आम्ही : तिकिटं, जाहिराती, खाणंपिणं, संडासातला कागद. मूळची कराडची मी, माझी चौदा वर्षं अमेरिकेत या तिसऱ्या कामात गेली.

मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक स्पर्धेत, ३० संघ आहेत आणि प्रत्येकाखाली मायनर लीगचे, म्हणजे खालच्या पातळीवरचे, चार, म्हणजे १२०. २०२१च्या फेररचनेआधी ते १६० होते. आमचा क्लब असाच खालचा. या क्लबांत खेळाडूंचा आणि कोचचा पगार वरचा संघ देतो, कोण खेळणार तेही तोच ठरवतो. स्थानिक मालकाच्या हातात उरतं ते स्टेडियम आणि तिथे येणारं गिऱ्हाईक. एका वर्षी आम्ही शॉर्टस्टॉप या जागी खेळणाऱ्या आमच्या पोराची हजार पोस्टरं छापून घेतली, रविवारी वाटायला. शुक्रवारी रात्री वरून फोन आला आणि पोरगं शनिवारी सकाळच्या विमानाने वरच्या संघात गेलं. पोस्टरं वाटली आम्ही तशीच.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, संघाची बैठक वगैरे असेल. हातात फोन आणि दोनशे नावांची यादी दिली : चर्च, शाळा, कारखाने. एकगठ्ठा तिकिटं विकायची. मी हुशारी करून गावातल्या मराठी मंडळाला बेचाळीस तिकिटं विकली. मंडळी आली ती डबे घेऊन. बटाटेवडे, ठेपले, एका काकूंनी तर श्रीखंड आणलेलं. दारावरच्या माणसाने अडवलं, कारण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. मी साहेबाकडे रदबदली करायला गेले, तर तो म्हणाला, तिकिटावर आपलं पोट भरत नाही, हॉटडॉगवर भरतं. शेवटी सगळ्यांनी गाड्यांच्या डिकीवर पंगत मांडली आणि तिसऱ्या इनिंगला आत आले. त्या दिवशी मला धंदा समजला.

आणि पाऊस. मैदानाचा आतला चौक झाकायची ताडपत्री साधारण १७० फूट लांब, तेवढीच रुंद, लोखंडी नळकांड्यावर गुंडाळलेली. थेंब पडायला लागले की ऑफिसातले झाडून सगळे धावतात, अकाउंटंटसुद्धा. कड मुठीत धरायची आणि पळायचं, पण वाऱ्याने फुगली तर सोडून द्यायची. मी सोडली नाही. दोन फूट वर उचलले गेले आणि चिखलात तोंडावर आपटले. स्टेडियमने टाळ्या वाजवल्या. तेव्हा मी नुसती इंटर्न होते.

इंटर्नशिपला मात्र नाक मुरडू नकोस. किम एन्ग १९९०मध्ये शिकागो व्हाइट सॉक्समध्ये इंटर्न म्हणून लागल्या आणि २०२०मध्ये मायामी मार्लिन्सच्या जनरल मॅनेजर झाल्या. मेजर लीगमधल्या त्या पदावरच्या पहिल्या बाई. मधली तीस वर्षं मोजून घे.

आता तुझी पदवी. स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं हे शिक्षण मुळात बेसबॉलमधूनच निघालं. डॉजर्स या संघाचे मालक वॉल्टर ओमॅली यांच्या सूचनेतून १९६६मध्ये ओहायो विद्यापीठात तो अभ्यासक्रम सुरू झाला. वाईट नाही, पण ती पदवी तुला बहुधा माझ्या टेबलाशी आणून बसवेल, फोन आणि यादी घेऊन. शिवाय व्हिसा! शिक्षणानंतर तिथे काम करायला १२ महिने मिळतात. संख्याशास्त्रासारखा स्टेममधला (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषय असेल तर आणखी २४. स्पोर्ट्स मॅनेजमेंट सहसा त्यात बसत नाही. बारा महिन्यांत तिकिटं विकणाऱ्या पोरासाठी कुठला छोटा क्लब एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची कटकट करील? पस्तीस लाख फिटणार कशातून?

हातात संख्याशास्त्र असताना तू विक्रीकडे का वळतोयस, हेच मला कळत नाही. फरहान झैदी बर्कलीत अर्थशास्त्रात डॉक्टरेट करत असतानाच २००५मध्ये ओकलंडच्या संघात विश्लेषक म्हणून शिरले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा बेसबॉल विभाग सांभाळला. आपल्या क्रिकेटमधलं पायचीतचं हॉक-आय, म्हणजे चेंडूचा माग काढणारे कॅमेरे, २०२०पासून मेजर लीगच्या मैदानांवर आहे. त्या नोंदींचा मोठा भाग बेसबॉल सॅव्हंट या साइटवर फुकट मिळतो.

तू कॅचर होतास ना? काठावरचा चेंडू ग्लोव्हमध्ये असा झेलायचा की पंच स्ट्राइक, म्हणजे पिचरच्या बाजूचा निकाल, देईल, त्याला फ्रेमिंग म्हणतात हे तुला सांगायला नको. २०११मध्ये माइक फास्ट यांनी आकड्यांतून त्याची किंमत काढणारा लेख लिहिला आणि लवकरच ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्यांना नोकरीवर घेतलं. २०२६च्या हंगामापासून पंचाच्या बॉल की स्ट्राइक या निर्णयाला आव्हान देता येतं, सामन्याच्या सुरुवातीला प्रत्येक संघाकडे दोन आव्हानं. मग फ्रेमिंगची किंमत किती उतरली? आव्हान कॅचरने द्यावं की बॅटरने? याचं उत्तर जळगावात बसून शोधता येईल. पायथन किंवा आर, आणि एसक्यूएल या संगणकाच्या भाषा शीक. जोडीला थोडं स्पॅनिश, कारण तिसांच्या तिसही संघांच्या अकादम्या स्पॅनिश बोलणाऱ्या डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आहेत.

सहा महिने हे कर, जे निघेल ते इंग्रजीत लिहून काढ आणि संघांच्या विश्लेषण विभागांकडे अर्जासोबत पाठव. एक प्रत मासिकाच्या पत्त्यावर मलाही. मास्टर्सचं आणि कर्जाचं त्यानंतर बोलू, बाबांनाही बरोबर घेऊन.