चौदा जण, चौदा कॅमेरे आणि काठमांडूची इंद्रजात्रा

तुमच्या फोटोग्राफी क्लबातले चौदा जण, हातात सहा दिवस आणि त्यात काठमांडूचा इंद्रजात्रेचा उत्सव, पाटण, भक्तपूर, पोखरा, लुंबिनी. ‘जमेल का?’ असं विचारलंय. जमेल की, पण निम्मे फोटो बसच्या खिडकीतून काढावे लागतील. पोखरा आणि लुंबिनी सरळ गाळा. काठमांडूचं खोरंच सहा दिवसांना पुरून उरतं.

आधी तारखेचं बघा. ही जत्रा तिथीवर चालते. कुमारीचा, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या लहान मुलीचा, रथ पहिल्यांदा ओढतात तो अनंत चतुर्दशीला, म्हणजे इकडे गणपती विसर्जनाला निघालेले असतात त्याच दुपारी. २०२४ साली हा दिवस १७ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला, २०२६ मध्ये २५ सप्टेंबरला येतो. तेव्हा मागच्या वर्षीची तारीख बघून तिकिटं काढू नका. आणि घरच्या गणपतीचं काय, हेही आत्ताच विचारून घ्या. आम्ही गेलो होतो तेव्हा आमच्यातले दोघं ऐनवेळी याच कारणाने गळले. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, नुसत्या आधारवर भरवसा ठेवू नका.

जत्रा द्वादशीला सुरू होते, म्हणून एकादशीला मुक्कामी पोहोचा. द्वादशीला हनुमान ढोका या जुन्या राजवाड्यापाशी यःसिं नावाचा उंच लाकडी खांब दोरखंडांनी ओढून उभा करतात. त्याच संध्याकाळी उपाकु असतं: वर्षभरात ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, ती कुटुंबं दिवे आणि धूप घेऊन जुन्या शहराची फेरी करतात. कथा अशी की इंद्र आईसाठी पारिजातकाची फुलं चोरायला आला आणि पकडला गेला. आईने त्याला सोडवताना पिकांसाठी धुकं-दव देण्याचं आणि त्या वर्षी गेलेल्यांना स्वर्गात नेण्याचं वचन दिलं. म्हणजे ही फेरी आपण शोभायात्रा म्हणून बघतो, चालणाऱ्यांसाठी ते सुतक आहे. आमच्यातल्या एकाने अगदी तोंडासमोर फ्लॅश उडवला. त्या बाई थांबल्या, बोलल्या काही नाहीत, फक्त दिव्यावर तळहात धरला. त्याने कॅमेरा पिशवीत घातला तो त्या रात्री पुन्हा काढलाच नाही. मी मग मागून चालत गेलो. ३५ मिमीची लेन्स, आयएसओ ६४००, चेहरे नाहीत, नुसत्या पाठी आणि उजेड. त्या सहलीतला माझा बरा फोटो तोच.

रथाच्या दिवशीची आमची चूक मात्र सगळ्यांची मिळून होती. बारा जण एकाच जागी उभे. रात्री हॉटेलवर कार्डं उघडली तर बाराही ठिकाणी तोच रथ, तीच डोकी, तोच वर केलेला मोबाईल! म्हणून तिघाचौघांचे गट करा. एक गट देवळाच्या जोत्याच्या पायऱ्यांवर, दुपारी लवकर जाऊन जागा धरून. एक गल्लीत. चतुर्दशीला रथ शहराच्या खालच्या भागातून फिरतात, पौर्णिमेला वरच्या, त्यामुळे हुकलं तर दुसरी संधी असते. रथ तीन असतात हे लक्षात ठेवा, गणेश आणि भैरवाचेही. सगळे कुमारीकडे वळतात, बाकीचे दोन मोकळे मिळतात. तिसरा गट मुखवट्यांच्या मागे: लाखे (राक्षसाचा मुखवटा घालून नाचणारे) आणि पुलुकिसी. पुलुकिसी म्हणजे इंद्राचा हत्ती, बांबूचा, आत दोन माणसं. तो गर्दीत खरंच मुसंडी मारतो, लांब लेन्स गळ्यात लोंबकळत ठेवू नका. चौथा श्वेतभैरवापाशी. तो भला थोरला मुखवटा एरवी जाळीआड असतो, जत्रेत उघडतो, आणि त्याच्या तोंडातल्या नळीतून तांदळाची दारू पडते तेव्हा खाली तरुण पोरांची जी झोंबाझोंबी चालते, तिथे शटर १/५०० च्या खाली आणू नका.

गर्दीत फोनचा भरवसा धरू नका, भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. घड्याळं मिळवून घ्या. नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. या पंधरा मिनिटांवरून आमच्यात पहिल्याच सकाळी भांडण झालं होतं.

कुमारी घरात (१७५७ सालची वास्तू, खिडक्यांचं कोरीवकाम वेड लावणारं) कुमारी खिडकीत आली की कॅमेरा खाली. तिथे तिचा फोटो काढायला मनाई आहे. रथावर असताना काढता येतो. ड्रोन घरीच ठेवा.

भक्तपूरला एक रात्र राहाच. दिवसाची सहल करून परतणाऱ्यांना तिथली पहाट कळत नाही. न्यातपोल हे तिथलं देऊळ १७०२ चं, पाच छपरांचं. १९३४ आणि २०१५ या दोन्ही भूकंपांत उभं राहिलं. काठमांडूतलं काष्ठमंडप, हा जुना लाकडी मंडप, मात्र २०१५ मध्ये कोसळलं आणि पुन्हा बांधलंय; नवं लाकूड जुन्याशेजारी कसं दिसतं, तो वेगळाच विषय होईल. पाटणला अर्धा दिवस पुरे, कृष्ण मंदिराचा दगड उतरत्या उन्हात बघा.

पाऊस असतोच, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आणि रबर घ्या. आणि गट इथेच चिठ्ठ्या टाकून पाडा. जोत्यावर बसायला चौदाही जण तयार होतील, उपाकुच्या मागे पावसात चालायला हात वर होणार नाही.