७५ शब्दांत मावलेला कायदा

प्रश्न: ताई, यंदा नागरिकत्व मिळालं आणि कॅलिफोर्नियाची पहिली मतपत्रिका घरी आली. उमेदवारांचं ठीक आहे, पण 'प्रॉप' (प्रपोझिशन, म्हणजे थेट मतदारांपुढे ठेवलेले प्रस्ताव) वाचून डोकं गरगरलं. तो चार ओळींचा गोषवारा लिहितं कोण? त्यावर विसंबून गोल काळे करू का?
— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर: इकडे येण्याआधी मी दैनिकात उपसंपादक होते, बातम्यांना मथळे द्यायचे. त्यामुळे हा प्रश्न माझ्या आवडीचा!

गोषवारा लिहितात राज्याचे मुख्य कायदा अधिकारी, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल. मतपत्रिकेवर ७५ शब्दांची मर्यादा, खर्चाचा अंदाजही त्यातच. तो खरा आणि निःपक्ष हवा, कुणाची बाजू मांडणारा नको, असं कायदा सांगतो. पण अ‍ॅटर्नी जनरल स्वतः निवडून आलेले, कुठल्या ना कुठल्या पक्षाचे राजकारणी असतात. छपाईआधी २० दिवस मजकूर लोकांसमोर असतो, तेव्हा कोर्टात जाता येतं. मात्र तो दिशाभूल करणारा असल्याचा भक्कम पुरावा लागतो.

आता २०१८चा प्रॉप ६ बघा. २०१७च्या कायद्यानं गॅसवर (म्हणजे पेट्रोलवर) गॅलनमागे १२ सेंट कर वाढला होता, तो काढायचा म्हणून लोकांनी सह्या गोळा केलेल्या. मतपत्रिकेवर सुरुवात काय? रस्तेदुरुस्ती आणि वाहतुकीचा काही निधी रद्द होतो! 'कर' आला दुसऱ्या वाक्यात. खोटं एक अक्षर नाही, पण पहिलं वाक्य कुठलं ठेवायचं यातच सगळी मेख असते, हे डेस्कवर बसलेल्या कुणालाही विचारा. प्रस्ताव पडला. मथळ्यामुळेच पडला असं मी म्हणणार नाही, विरोधकांनी प्रचारातही पैसा ओतला होता.

म्हणून घरी येणारी जाड मतदार पुस्तिका रद्दीत टाकू नका. त्यातलं विश्लेषण विधिमंडळाला निःपक्ष सल्ला देणारं लेजिस्लेटिव्ह अ‍ॅनालिस्टचं कार्यालय करतं. ते अगदी रुक्ष असतं, पण मला तेच भावतं. 'हो'चा अर्थ काय आणि 'नाही'चा काय, हेही तिथे सरळ दिलेलं असतं.

आधीच झालेल्या कायद्यावर सार्वमत असेल तर ते वाचाच. २०२०चा प्रॉप २५ तसा होता: प्रश्न 'कायदा राहू द्यायचा का' असा होता, म्हणून रोख जामीन बंद करणारा कायदा नको असेल, तर तेव्हा खूण 'नाही'पुढे करायची होती. आमचे हे 'रद्द करायचाय ना, मग हो' म्हणत पेन टेकवणारच होते, मी हात धरला. तुमचं चुकलंच तर खाडाखोड करत बसू नका. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाकडून दुसरी मतपत्रिका मागून घ्या.