मुंबईत कॅथलिक शाळा एवढ्या कशा वाढल्या? मराठी शाळा त्यांच्यामुळेच बंद पडल्या का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी वसईचा ख्रिस्ती, घरात मराठी, मिस्सा (चर्चमधली उपासना) मराठीत, आणि आई चर्चच्या मराठी शाळेत शिक्षिका होती.

आधी वाढीचं सांगतो. वांद्र्याचं सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ चं, सुरुवातीला अनाथ मुलांसाठी, माझगावचं सेंट मेरीज १८६४, धोबीतलावचं झेवियर्स १८६९. १८६७ ला विरारपासून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, १८९६ ला प्लेग आला, लोक गर्दी सोडून वांद्रे, सांताक्रूझकडे सरकले, पुढे १९५० आणि १९५७ ला शहराची हद्दच अंधेरी, मग दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. या पट्ट्यात बऱ्याच गावठाणांत चर्च आधीपासून होतं, म्हणजे जागा होती, आणि शिकवायला सिस्टर, म्हणजे नन होत्या ज्या पगार घरी नेत नाहीत. नवीन वस्तीत शाळा काढायला याहून जास्त काय लागतं?

आता मराठीचं. आमच्या विरार लोकलच्या ग्रुपमधले एक काका कायम म्हणायचे, तुमच्या फादर लोकांनी इंग्लिश आणलं आणि मराठी मारली. मला ते फार लागायचं, कारण दर मे महिन्यात आई आणि तिच्या सहकारी बाई उन्हातान्हात दारोदार फिरायच्या, पहिलीला पोरं द्या हो म्हणून, पट भरला नाही तर तुकडी जाणार आणि शिक्षक अतिरिक्त ठरणार, आणि लोक चहा पाजायचे, बाई तुम्ही फार छान शिकवता म्हणायचे आणि जूनमध्ये पोरगं इंग्लिश मीडियमला. त्यात काकांचा नातूसुद्धा! मी तोंडावर विचारलं तर म्हणाले, अरे पुढे नोकरीचं बघावं लागतं ना. मग फादरनी काय वेगळं बघितलं? शेवटी आईच्या शाळेतले मराठी वर्ग एकेक करून बंद झाले, आणि तिला झालेला त्रास मी घरात बघितलाय.

इंग्लिश मीडियमची ही मागणी काही आजची नाही. १९५४ मध्ये मुंबई सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाच्या नसलेल्या नागरिकांच्या मुलांनाच घ्यायचं, बाकीच्यांना नाही. देवळालीच्या बार्न्स शाळेवरून (ती कॅथलिक नव्हे, अँग्लिकन) केस सुप्रीम कोर्टात गेली आणि त्याच वर्षी आदेश रद्द झाला. कोर्टात गेलेल्यांत पालकही होते, एक गुजराती हिंदू आणि एक भारतीय ख्रिस्ती. दार ठोठावणारे एकाच धर्माचे नव्हते.

हां, एक मान्य करतो, काही इंग्लिश शाळांत मराठी बोललं की दंड असायचा, माझ्या मावसबहिणीने भरलाय, आणि ते चुकीचंच होतं. ॲडमिशनसाठी पॅरिशमधल्या (त्या चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती) मुलांना आधी घेतात हेही खरं, त्यावर राग असू शकतो. पण मराठी शाळा बंद पडण्याचं खापर कॅथलिक शाळांवर फोडू नका. तुमच्या भागातल्या बंद पडलेल्या मराठी शाळेत शिकवलेल्या एखाद्या बाईंना शोधा, पहिलीचा पट कधीपासून घसरला ते विचारा, आणि त्या वर्षी आपल्या घरातली पोरं कुठल्या शाळेच्या बसमध्ये चढत होती ते घरी विचारा.