जीमेल उघडलं की धडकी भरते?

अरे, चार हजार न वाचलेले मेल बघून घाबरू नकोस. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन कीबोर्ड शॉर्टकट चालू कर, ते मुळात बंद असतात. मग ‘ई’ दाबलं की मेल अर्काइव्ह, ‘सी’ दाबलं की नवा मेल, प्रश्नचिन्ह दाबलं की सगळी यादी समोर. अर्काइव्ह म्हणजे डिलीट नव्हे हं, मेल फक्त इनबॉक्समधून बाजूला जातो, शोधलं की सापडतो. सेटिंग्जमध्येच ‘अनडू सेंड’, म्हणजे धाडलेला मेल मागे घ्यायची मुदत, ५ सेकंदांवरून ३० वर ने. मी एकदा पगाराची फाईल भलत्यालाच धाडली होती, घामच फुटला! सेलच्या जाहिरातींना फिल्टर लाव, म्हणजे त्या इनबॉक्स टाळून थेट लेबलखाली, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, जातील. ओटीपी येतो त्या पत्त्याला मात्र फिल्टर नको, ऐनवेळी शोधत बसशील.