वाचकांचे प्रश्न : डेकल आणि विमानांवरची चिन्हे

प्रश्न : 1/72 प्रमाणातले हरिकेनचे (दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचे) मॉडेल 1944 च्या इंफाळमधल्या इंडियन एअर फोर्सच्या क्रमांक 1 स्क्वाड्रनचे करायचे आहे. किटमध्ये मात्र इंग्लंडमधल्या विमानाची डेकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे) आहेत. ती चालतील का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. पंखांच्या वरच्या राउंडेलमध्ये (विमानावरच्या गोल चिन्हात) निळ्यात लाल, धडावर पिवळ्या कडेचे लाल-पांढरे-निळे, ही सगळी युरोपातली पद्धत. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लाल रंग काढूनच टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल सूर्यबिंब असे आणि क्षणभर दिसलेल्या लाल ठिपक्यावर आपलेच लोक गोळी झाडतील ही भीती खरी होती. त्यामुळे 1944 मध्ये अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळला लढलेल्या या स्क्वाड्रनची चिन्हे दोनच रंगांची हवीत: बाहेर गडद निळा, मध्ये फिकट निळा. शेपटीवरचा आयतही याच दोन रंगांचा. लाल केंद्रावर निळा ठिपका देऊन भागवू नका. पिवळी कडा आणि मापे तशीच चुकीची राहतात.

माप फोटोवरून काढा. धडाची त्या जागची उंची आणि राउंडेलचा व्यास यांचे गुणोत्तर घ्या आणि तेच मॉडेलवर लावा. व्यास इंचात माहीत असेल तर 25.4 ने गुणून 72 ने भागा: 16 इंची राउंडेल 5.6 मिलिमीटर, 36 इंची 12.7 मिलिमीटर. फिकट निळ्यासाठी चार भाग पांढरा आणि एक भाग राउंडेलचाच निळा इथून सुरुवात करा. दुकानातला आकाशी रंग वापरलात तर दोन्ही निळे एकमेकांना परके दिसतात. कोऱ्या डेकल फिल्मवर (डेकलच्या पातळ पारदर्शक थरावर) रंग फवारून सर्कल कटरने चकत्या कापा. फिकट चकतीखालून गडद हिरवा डोकावू नये म्हणून आधी पांढऱ्याचा पातळ थर द्या.

शेपटीजवळचा फिकट पट्टा आणि पंखांच्या पुढच्या कडेचा पिवळा रंग हेही युरोपचेच, दोन्ही गाळा. आणखी एक सापळा: बाजारातल्या ब्रह्मदेश आघाडीच्या काही डेकल शीटवर पंखांचे आणि शेपटीचे रुंद पांढरे पट्टे असतात. ते 1945 च्या सुरुवातीचे. इंफाळच्या हरिकेनवर ते लावले तर विमान एक वर्ष पुढे जाते. विमान ठरवताना तारीखही ठरवा, आणि डेकल शीटच्या आधी त्या काळातला फोटो पाहा.

प्रश्न : डेकल वाळल्यावर पारदर्शक भागाखाली चंदेरी चमक दिसते. मायक्रो सोल (डेकल मऊ करणारे द्रावण) लावूनही जात नाही. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती चमक म्हणजे फिल्मखाली अडकलेली हवा. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. फिल्म त्याच्या उंचवट्यांवर टेकते आणि खळग्यांत हवा राहते. म्हणून उपाय डेकलच्या आधीचा आहे. रंग पूर्ण वाळल्यावर ग्लॉस वार्निशचे दोन-तीन पातळ हात द्या आणि निदान एक दिवस थांबा. कोकणातल्या पावसाळ्यात लॅकर वार्निश दमट हवेत फवारले तर पांढुरके पडते. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबा किंवा ॲक्रिलिक वापरा.

डेकल कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंदच बुडवा, मग टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाण्यात तरंगत सोडले तर गोंद वाहून जातो, आणि हेही चमकेचे एक कारण आहे. नळाचे पाणी जड असेल तर डाग उरतात, म्हणून बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी घ्या. जागेवर आधी मायक्रो सेट (डेकलखाली लावायचे द्रावण), त्यावर डेकल सरकवा, मधून कडेकडे ओल्या ब्रशने पाणी काढा. मायक्रो सोल नंतर, अगदी थोडे. त्याने फिल्म मऊ होऊन सुरकुतते. त्या वेळी बोट लावले की फाटते. हात न लावता वाळू द्या, बहुतेक सुरकुत्या आपोआप बसतात.

तुमच्या मॉडेलवर चमक आलीच आहे, तर बारीक सुईने तिथे टोचे मारा, वर मायक्रो सोल सोडा आणि वाळू द्या. दोन-तीनदा करावे लागते. मोठा पट्टा असेल तर पॅनेल लाइनवर (पत्र्यांच्या जोडरेषेवर) नव्या ब्लेडने चिरा द्या.

प्रश्न : जुन्या किटची डेकल्स पिवळी पडली आहेत. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : शीट झिपच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. वापरण्याआधी एक बिनमहत्त्वाचे डेकल पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर सगळ्या शीटवर क्लिअर लॅकर फवारा. मात्र त्यानंतर फिल्म अखंड होते, म्हणून प्रत्येक चिन्ह कडेला लागून कापावे लागते.

प्रश्न : 1971 च्या नॅटसाठी (भारतीय हवाई दलाच्या छोट्या जेट लढाऊ विमानासाठी) तिरंगी चिन्हे घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढता येतील का? शेपटीवर केशरी कुठल्या बाजूला? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : येतील, पण प्रिंटर पांढरा रंग छापत नाही आणि त्याची शाई अर्धपारदर्शक असते. कोऱ्या पारदर्शक फिल्मवर छापलेले केशरी हिरव्या रंगावर तपकिरी दिसेल. पांढरे डेकल पेपर घ्या, किंवा चिन्हाच्या जागी आधी पांढरा रंग मास्क लावून मारा. छपाईनंतर शाई वाळू द्या आणि क्लिअर लॅकरचे दोन-तीन हलके हात द्या. पहिलाच हात ओला पडला तर शाई पसरते. पांढऱ्या कागदाची कापलेली कड उघडी दिसते, ती हिरव्या आणि केशरी रंगाने बारीक ब्रशने झाकून घ्या.

राउंडेलमध्ये केशरी मध्ये, हिरवा बाहेर. शेपटीवर केशरी दोन्ही बाजूंना नाकाकडे, म्हणजे डावी आणि उजवी बाजू एकमेकांची आरशातली प्रतिमा. एकच चित्र दोनदा छापलेत तर एका बाजूला हिरवा पुढे येईल.