‘एकमेकांवर लक्ष ठेवतात’ की ‘एकमेकांना जपतात’?

नागपूरच्या प्रतापनगरातल्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची मुलगी बाहेरगावी जाऊन स्कायडायव्हिंग, म्हणजे विमानातून उडी मारून पॅराशूटच्या छत्रीने उतरणं, शिकून आली आणि आता त्या अनुभवावर मराठीत लिहायला बसली आहे. तिथले सगळे उडी मारणारे ‘लुक आउट फॉर ईच अदर’ करतात, हे तिला सांगायचं आहे. आईने सुचवलं, ‘एकमेकांवर लक्ष ठेवतात’ असं लिही. मुलगी म्हणाली, ते पोलिसांसारखं वाटतं. मग ‘एकमेकांची काळजी घेतात’ सुचवलं, तर तिला ते दवाखान्यातलं वाटलं. मराठीत यासाठी नेमका शब्द कोणता, असं ताई विचारतात.

ताई, तुमच्या लेकीचा कान चांगला आहे. दोन्ही ठिकाणी तिला जे खटकलं, ते खरोखरच त्या शब्दांमध्ये आहे.

‘लक्ष’ हा शब्द निर्दोष आहे, खटकतो तो ‘वर’. ‘वर’ लागला की लक्षाला वजन येतं. मुलांवर लक्ष ठेव, कामगारांवर लक्ष ठेव. ‘दुधावर लक्ष ठेव’ म्हणतानासुद्धा ते आता उतू जाणार, असा संशय मनात असतोच. नजर ठेवणं, पाळत ठेवणं ही पुढची पायरी, आणि तिथेही ‘वर’च येतो. आता ‘कडे’ लावून पाहा. गावाला निघताना आपण शेजाऱ्यांना काय सांगतो? ‘घराकडे लक्ष असू द्या हो.’ आपल्याकडच्या बोलीत, ‘घराकडे ध्यान ठेवजा.’ यात संशय नाही, विश्वास आहे. लक्ष ‘ठेवणे’ ही मुद्दाम केलेली क्रिया आहे. लक्ष ‘असणे’ म्हणजे आपलं काम चालू असताना मनाचा एक कोपरा तिकडे वळलेला असणं.

स्कायडायव्हिंगमध्ये हे किती नेमकं बसतं, ते तुमच्या लेकीशी फोनवर बोलताना लक्षात आलं. साधारण १३,००० फुटांवरून उडी घेतली की पोटावर पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी १९०-२०० किलोमीटरच्या घरात जातो. छत्री उघडेपर्यंत जेमतेम एक मिनिट मिळतं. त्या वाऱ्यात शेजारच्याला हाक मारून उपयोग नाही, हाताच्या खुणांवरच भागवावं लागतं. मनगटावरचा उंची दाखवणारा डायल पाहायचा, स्वतःचं शरीर स्थिर ठेवायचं, आणि त्यातच बरोबरचा कुठे आहे हेही ठाऊक असायला हवं. छत्री उघडल्यावर तर खालच्याला आपल्या डोक्यावर कोण आहे ते दिसतच नाही, कारण मध्ये त्याच्याच छत्रीचं कापड असतं. म्हणून खाली असलेल्याचा हक्क आधी, आणि वरच्याने त्याच्यापासून दूर राहायचं, असा नियम आहे. म्हणजे वरच्याचं खालच्याकडे लक्ष असतं. इथे ‘खालच्यावर लक्ष ठेवतो’ लिहिलं तर अर्थ बिघडेल.

‘काळजी’बद्दल थोडक्यात. या शब्दात चिंता आणि देखभाल दोन्ही आहेत. ‘काळजी करू नको’ आणि ‘काळजी घे’ हे आपण एका दमात म्हणतो. विमानाच्या दारात उभ्या असलेल्यांना आधीचा अर्थ नको असतो, म्हणून मी हा शब्द बाजूला ठेवीन.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. विमानात चढण्याआधी आणि पुन्हा उडी घेण्याआधी हे लोक एकमेकांचं सामान तपासतात. छातीचा पट्टा नीट ओवला आहे का, मांड्यांचे पट्टे घट्ट आहेत का, मुख्य छत्री उघडण्याची, ती बिघडली तर सोडून देण्याची आणि राखीव छत्री उघडण्याची अशा तिन्ही मुठी जागच्या जागी आहेत का. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाठीवरचं झाकण उचलून पिशवी बंद ठेवणारी पिन पाहायची. ही पिन स्वतःची स्वतःला दिसत नाही. त्या वेळी एक जण दुसऱ्याला जे म्हणतो त्यासाठी इंग्रजीत ‘चेक’ हा एकच शब्द आहे. मराठीत मात्र पाहण्याची दोन रूपं आहेत, पाहून घेणे आणि पाहून देणे.

‘पाहून घेतो’ म्हणजे माझ्यासाठी, माझी खात्री म्हणून. ‘पाहून देतो’ म्हणजे तुझ्यासाठी. क्रिया तीच, पण ती कोणाच्या खात्यात जमा होते ते ‘घे’ आणि ‘दे’ सांगतात. ‘तुला पाहून घेईन’ ही धमकी का होते, याचं उत्तरही त्या ‘घे’मध्ये आहे. लग्नघरात साडी नेसून झाल्यावर एक बाई दुसरीला म्हणते, ‘मागून जरा पाहून दे ना.’ पाठीवरची पिन तपासायला सांगणं हे तेच वाक्य आहे. यासाठी ‘परस्पर उपकरण तपासणी’ असलं काही घडवायला बसू नये. ‘आम्ही एकमेकांचं पाहून देतो’ असं लिहिलं की मराठी वाचकाला चित्र दिसतं. पुण्याकडचे ‘बघून देतो’ म्हणतील, तेही चालेल.

साडीवरून आठवलं. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून विमानातून उडी घेतली होती. पट्टे दोन्ही मांड्यांना वेगवेगळे वेढा घालतात, म्हणून कासोट्याचं लुगडं तिथे जमतं, सहावारीचं काम नाही. अशा वेळी पदराचं एक टोक जरी मोकळं राहून मुठीवर आलं तरी घात होऊ शकतो. नेसवण्यातलं पाहून देणं आणि उडीतलं पाहून देणं अशा वेळी एकच होतं.

पाठीचा विषय निघालाच आहे, तर ‘पाठराखण’बद्दलही सांगायला हवं. आज हा शब्द वर्तमानपत्रांनी पार झिजवला आहे. अमक्याने तमक्याच्या वक्तव्याची पाठराखण केली, एवढाच त्याचा उपयोग उरला आहे. पण नव्या नवरीबरोबर तिच्या सासरी जाते ती पाठराखीण. अनोळखी ठिकाणी पहिलं पाऊल टाकताना पाठीशी आपलं कोणीतरी असावं म्हणून तिला पाठवतात. पहिल्या उडीच्या वेळी शिकाऊ मुलीबरोबर दारातून बाहेर पडणाऱ्या प्रशिक्षकासाठी याहून जवळचा शब्द मला सुचत नाही. तुमच्या लेकीने लेखात एकदा तरी तो या अर्थाने वापरावा, असं मला मनापासून वाटतं.

‘राखण’ हा शब्द मात्र नुसता वापरू नये. शेतात रानडुकरं येतात म्हणून आपल्याकडे लोक जागलीला जातात, ती राखण. शेत काही उलट आपली राखण करत नाही. ते एकतर्फी असतं, उडीतलं नातं दोन्हीकडून असतं. पण ‘राखणे’ची दोन रूपं इथे कामाची आहेत. एक ‘राखीव’ छत्री, ते वर आलंच. दुसरं ‘अंतर राखणे’. ठरलेल्या उंचीवर आले की एकत्र पडणारे हे लोक एकमेकांकडे पाठ करतात आणि वेगाने दूर सरकतात. छत्री उघडण्याआधी हात हलवून इशारा करतात. उघडलेली छत्री माणसाचा वेग एकदम कमी करते. तेव्हा वर कोणी जवळ असेल तर तो थेट तिच्यावर येऊन आदळेल. म्हणून दूर जाणं हीच तिथली माया. मराठीत ‘अंतर देणे’ म्हणजे सोडून देणे, टाकून देणे. ‘मला अंतर देऊ नकोस’ असं आपण देवालासुद्धा म्हणतो. हे लोक अंतर राखतात, पण अंतर देत नाहीत. मुलीला एवढं एक वाक्य लिहिता आलं तरी तिथली सगळी रीत सांगून होईल.

आणि या सगळ्याला मिळून एक शब्द हवा असेल, तर तो ‘जपणे’. ‘सांभाळणे’ही जवळचा आहे, पण त्यात एक जण भार उचलतो आणि दुसरा तो टाकतो. घर सांभाळणं, लहान मूल सांभाळणं, तोल सांभाळणं. ‘जपणे’ स्वतःकडेही वळतो आणि दुसऱ्याकडेही. ‘जपून जाजो’ म्हटलं की सावध राहायचं काम ऐकणाऱ्याचं, ‘तुला जपतो’ म्हटलं की बोलणाऱ्याचं. संक्रांतीला नागपूरच्या गच्च्यांवर हे दरवर्षी दिसतं. पतंग उडवणाऱ्याचे डोळे आभाळात असतात, पाय मागे मागे सरकत असतात. चक्री धरणारा एकदा मांजाकडे पाहतो आणि एकदा त्याच्या टाचांकडे. ‘ओ काट’च्या गलक्यात त्याचं ‘जपून, मागे कठडा आहे!’ हे बारीक ओरडणं असतंच. लहानपणी मी दोन्ही कामं केली आहेत. चक्री धरणारा जपतो म्हणून उडवणाऱ्याला वर पाहता येतं.

‘जपणे’चा दुसरा अर्थ तर सर्वांना माहीत आहे, नाम जपणे. तेच शब्द, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा. पट्टा, पट्टा, मूठ, मूठ, मूठ, पिन. शंभरावी उडी असली तरी हा क्रम चुकवायचा नाही, असं तुमची लेक सांगत होती. म्हणून तिच्या वाक्यात मी ‘जपणे’च घालीन आणि बाकीची क्रियापदं त्याच्या आधी आणीन, अशी:

‘विमानात चढण्याआधी आम्ही एकमेकांचं पाहून देतो. हवेत प्रत्येकाचं दुसऱ्याकडे लक्ष असतं. छत्री उघडायच्या वेळी अंतर राखतो. तिथे सगळेच एकमेकांना जपतात.’

‘एकमेकांची जपणूक करतात’ असं मात्र तिने करू नये. क्रियापद हाताशी असताना नाम आणलं की वाक्य जड होतं.